कॉलनीच्या कुंपणाबाहेरची कादंबरी : ‘बारोमास’ आणि वऱ्हाडातल्या सुबत्तेचा इतिहास

१/
‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ऐकू येते. लग्न जुळवण्याच्या बैठकीत मात्र तिचा क्रम केव्हाच उलटला आहे. मुलगा नोकरीवर आहे का, हे मुलीकडचे आधी विचारतात. शेत किती, हा प्रश्न त्यानंतर येतो. या उलथापालथीची कादंबरी बुलढाणा जिल्ह्यातच लिहिली गेली : सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. हा धागा त्या कादंबरीच्या पाठीमागे उभ्या असलेल्या दीडशे वर्षांचा.

२/
देशमुख चिखली तालुक्यातील अमडापूरचे. ‘लचांड’सारखे कथासंग्रह आणि ‘तहान’ ही कादंबरी यांनंतर २००२ मध्ये ‘बारोमास’ प्रसिद्ध झाली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. जिल्ह्याला हा मान नवा नव्हता. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांना १९८६ मध्ये ‘खूणगाठी’साठी तो मिळालेला होता. ‘बारोमास’चा हिंदी अनुवाद दामोदर खडसे यांनी केला, आणि २०१२ मध्ये धीरज मेश्राम यांनी तिच्यावर त्याच नावाचा हिंदी चित्रपट काढला.

३/
या कादंबरीची ओळख बहुधा ‘शेतकऱ्यांच्या दैन्याची कादंबरी’ अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. कादंबरीतले घर उपाशी नाही. त्या घरात जमीन आहे, बैल आहेत, शिकलेली मुले आहेत. एकनाथ हा थोरला मुलगा उच्चशिक्षित, अध्यापनाची पदवी घेतलेला. शिक्षकाच्या जागेसाठी संस्थेला द्यायचे डोनेशन घरात नाही, म्हणून तो वडिलांच्या शेतात राबतो. वडील सुभानराव, आई शेवंतामाय, शेतीतून सुटण्याचा जवळचा रस्ता शोधणारा धाकटा मधू आणि एकनाथची पत्नी अलका, असा हा परिवार आहे.

४/
कादंबरीतली सर्वांत धारदार भांडणे सावकाराशी किंवा सरकारशी होत नाहीत, ती नवरा-बायकोत होतात. अलका शहरी वळणाची आहे. शिकलेल्या नवऱ्याला आज ना उद्या नोकरी लागेल या भरवशावर तिचा संसार उभा राहिलेला असतो. ती नोकरी लागत नाही. शेणामातीचे घर, सासू, पऱ्हाटीचे शेत आणि नवऱ्याचे मौन यांत तिची घुसमट वाढत जाते आणि अखेर ती घर सोडते. तिला हवे असलेले आयुष्य चंद्रावरचे नसते. ते तालुक्याच्या गावी, डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर असते.

५/
इथे जगातल्या दुसऱ्या एका कादंबरी-परंपरेची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सैनिकांना घरबांधणीसाठी सवलतीची कर्जे मिळाली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या, एकाच साच्यातल्या घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या. हिरवळ, मोटार, नियमित पगार असे सगळे मिळालेली माणसे चाळिशीच्या उंबऱ्यावर अस्वस्थ होऊ लागली, आणि त्या अस्वस्थतेची कादंबरी जन्माला आली. रिचर्ड येट्स यांची ‘रिव्होल्यूशनरी रोड’ (१९६१) आणि जॉन अपडाइक यांची ‘रॅबिट इज रिच’ (१९८१) ही तिची ठळक उदाहरणे.

६/
मराठीत अशा अस्वस्थतेचा शोध प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात घेतला गेला. श्याम मनोहर यांच्या ‘उत्सुकतेने मी झोपलो’ला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा या शोधाला मोठी मान्यता मिळाली. मग बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा विषय कुठे सापडतो? तिथे उपनगर नाही, पण ‘ले-आउट’ आहे. तालुक्याच्या गावाबाहेर, कालपर्यंत ज्वारी उभी असलेल्या वावरात पडलेले प्लॉट आणि त्यावर वसलेली कॉलनी. ‘बारोमास’ ही त्या कॉलनीकडे कुंपणाबाहेरून पाहणारी कादंबरी आहे.

७/
कॉलनीचा इतिहास कापसापासून सुरू होतो. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती. तिथे मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर थंड हवेचे बुलढाणा आणि त्यापलीकडे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. पैसा आधी घाटाखाली आला, कारण कापूस आणि रेल्वे दोन्ही तिथे होती. देशमुखांचे अमडापूर ज्या चिखली तालुक्यात आहे, तो घाटावरचा.

८/
१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. बैलांच्या तांड्यांनी महिनोन्‌महिने होणारी वाहतूक दिवसांवर आली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, तरी कापूस मात्र वऱ्हाडात कायमचा मुक्कामाला राहिला.

९/
खामगाव या कापसाची मोठी पेठ बनले. मुख्य लोहमार्ग गावाला टाळून जात होता. म्हणून जलंब ते खामगाव अशी जेमतेम तेरा किलोमीटरची शाखा खास कापसासाठी बांधण्यात आली. १८७० मध्ये तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. एका तालुक्याच्या गावातील रूईसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय यावा, यावरून त्या काळी वऱ्हाडाचे मोल काय होते ते कळते. जिन, प्रेस, अडत आणि चांदीचा व्यापार यांनी हे गाव गजबजले. ‘रजतनगरी’ हे त्याचे बिरुद आजही टिकून आहे.

१०/
या सुबत्तेतला मोठा वाटा अडत्यांच्या, जिनवाल्यांच्या आणि सावकारांच्या हाती गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दाखवून दिले की, नगदी पिकाखाली जमीन गेलेला कास्तकार धान्य महागताच किती उघडा पडतो. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी : श्रीमंती मोजण्याचे माप अजून जमीन हेच होते. किती तिफणी चालतात, किती सालदार आहेत, कापसाच्या किती बंड्या बाजाराला जातात, यावर घराची पत ठरत असे. सोयरीकही त्यावरच जुळे.

११/
हे माप मोडत असल्याचे पहिले समर्थ चित्रण नाटकात झाले. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. विदर्भातल्या एका गावचे देशपांडे घराणे, वडिलांच्या दिवसांसाठी मुंबईहून आलेला सुधीर, गावीच राहिलेला थोरला भास्कर आणि अंगणात नादुरुस्त होऊन पडलेला ट्रॅक्टर. दोघे भाऊ मध्यमवयीन आहेत आणि दोघांनाही दुसऱ्याचे बरे चालले आहे असे वाटते. वाड्याकडे जमीनदारीची आठवण तरी होती. ‘बारोमास’मधल्या कुणबाऊ घराकडे तीही नाही; त्याची सगळी भिस्त पुढच्या दिवसांवर आहे.

१२/
ती भिस्त शिक्षणावर होती आणि तिलाही इतिहास आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. वऱ्हाडातल्या बहुजन शेतकऱ्याच्या मुलाला गावाजवळ शाळा आणि पुढे महाविद्यालय मिळाले. त्या शाळांतून शिकलेली पहिली पिढी मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, वकील झाली. ती पिढी गावी आली की, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या माणसाकडे पाहून शेजारच्या प्रत्येक बापाने एक हिशेब मनाशी मांडला : एक मुलगा शिकला की घर सुटते.

१३/
सुभानरावांच्या पिढीने हा हिशेब सर्वांत मनापासून मांडला. या पिढीचे ऐन उमेदीचे दिवस हरितक्रांतीशी जुळतात. संकरित ज्वारी आली. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून ‘एच-४’ हा संकरित कापूस बाहेर पडला. १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. कापूस सरकारच घेणार, हमीभावाने घेणार, हा भरवसा मोठा होता. पुढे ग्रेडरची मर्जी, केंद्रावरच्या रांगा आणि लांबणारे चुकारे यांनी तो झिजत गेला. तोवर मुले कॉलेजात पोहोचली होती.

१४/
याच काळात दुसऱ्या बाजूला पगाराचा आलेख चढत होता. चौथ्या वेतन आयोगाची वाढ १ जानेवारी १९८६ पासून, पाचव्याची १ जानेवारी १९९६ पासून धरली गेली आणि केंद्रापाठोपाठ राज्याचे कर्मचारीही नव्या वेतनश्रेणीत गेले. अनुदानित खासगी शाळेतल्या शिक्षकाचा पगार शासनाच्या तिजोरीतून होतो. म्हणजे तोही या वाढीचा भागीदार. कापसाच्या भावाला असा आयोग नव्हता. एकाच बापाच्या दोन मुलांपैकी एक मास्तर आणि एक कास्तकार झाला असेल, तर दोन घरांतले अंतर दर दहा वर्षांनी एकेका टप्प्याने वाढत गेले.

१५/
डोनेशनचे गणित इथे उलगडते. पगार शासन देणार, पण नेमणूक संस्था करणार. निवृत्तीपर्यंतच्या निश्चित उत्पन्नाची किल्ली ज्यांच्या हाती, ते तिची किंमत मागणारच. जागा महागली, आणि ती विकत घेण्यासाठी शेतकऱ्याकडे विकायला एकच वस्तू होती : जमीन. नोकरीसाठी वावर विकावे, की वावरासाठी नोकरी सोडून द्यावी? ‘बारोमास’मधल्या घराला पोखरणारा पेच हाच आहे. ज्याच्याकडे विकण्यापुरती जास्तीची जमीन होती तो सुटला. ज्याच्याकडे पोटापुरतीच होती तो अडकला.

१६/
सुटलेल्यांनी कॉलनी वसवली. चिखली, मेहकर, खामगाव, बुलढाणा, कोणत्याही गावाच्या वेशीबाहेर ‘शिक्षक कॉलनी’ सापडते. स्लॅबचे घर, पुढे लोखंडी फाटक, गच्चीवर टाकी, दाराशी दुचाकी, मुले इंग्रजी शाळेत. गावात पतसंस्थांचे जाळे विणले गेले. १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन पुढे आशियातल्या मोठ्या सहकारी पतसंस्थांमध्ये गणली गेली. ही सुबत्ता डोळे दिपवणारी नव्हती. ती मध्यम होती, नियमित होती आणि ओळखीच्या माणसांची होती. म्हणूनच ती सलत होती. राजवाड्याचा हेवा कोणी करत नाही. वर्गमित्राच्या स्लॅबचा करतो.

१७/
१९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनानंतर शरद जोशी यांनी ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी मांडणी लोकांपुढे ठेवली. त्यांची शेतकरी संघटना विदर्भाच्या कापूसपट्ट्यात शिरली, तेव्हा ही मांडणी सभांतून घरोघर पोहोचली. राजकारणात ही रेषा शहर आणि खेडे यांच्यामध्ये ओढलेली होती. देशमुखांनी ती एका घराच्या आत, एका दांपत्याच्या मध्ये ओढली. एकनाथ आणि अलका एकाच छपराखाली राहून दोन देशांत जगतात. आर्थिक इतिहासाला एवढ्या जवळून पाहण्याची सोय नसते. कादंबरीला ती असते.

१८/
मध्यमवयाचा मुद्दाही इथे वेगळ्या रूपात येतो. अमेरिकन कादंबरीतला नायक चाळिशीनंतर विचारतो : सगळे मिळाले, मग हे इतकेच का? वऱ्हाडातल्या शिकलेल्या बेकाराचे मध्यमवय वयाच्या दाखल्यावर ठरत नाही. सरकारी नोकरीची वयोमर्यादा ज्या दिवशी ओलांडली जाते, त्या दिवशी तो प्रौढ होतो. त्यानंतर जाहिराती कापून ठेवण्याचे थांबते, प्रमाणपत्रांची फाइल ट्रंकेत जाते, आणि हातातले रुमणे तात्पुरते नसून कायमचे आहे हे त्याला कळते. बापाची पन्नाशी आणि मुलाची तिशी यांत फारसे अंतर उरत नाही.

१९/
अलकेकडे बघण्याची नजरही या इतिहासाने बदलावी. पहिल्या वाचनात ती स्वार्थी वाटू शकते. पण तिने मागितले काय? ज्या म्हणीचा क्रम साऱ्या समाजाने उलटवला, तो उलटा क्रम तिने फक्त उघडपणे बोलून दाखवला. मुलाला शेतीतून सोडवण्यासाठी बापाने आयुष्य वेचले, तेव्हा तो शहाणा ठरला. त्याच शेतीतून सुटू पाहणारी सून मात्र घरमोडी ठरली. शिवाय नवऱ्याची नोकरी हुकली तर पुरुषाला शेत तरी उरते. तिच्या नावावर तेही नसते. तिचा राग सुखासीनतेच्या हव्यासातून आला, असे म्हणणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

२०/
‘बारोमास’ आली त्याच वर्षी, २००२ मध्ये, भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. चार वर्षांनी, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले : अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, वर्धा आणि बुलढाणा. सिंचन, व्याजमाफी, बियाणे, जोडधंदे यांचा त्यात विचार होता. कर्ज मोजता येते, पाणी मोजता येते. शेजारच्या पगारदाराकडे पाहून स्वतःची किंमत कमी वाटणे मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही. कादंबरीने नेमकी तीच नोंद आधी करून ठेवली होती.

२१/
कथा इथे संपत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. पगाराच्या आयुष्याचा जो शेवटचा आधार होता, तोच सैल झाला, आणि मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी त्यासाठी संपावर गेले. तिकडे जुन्या कॉलनीतले पहिले रहिवासी निवृत्त झाले आहेत. मुले पुण्याकडे किंवा त्याहून दूर गेली आहेत. वरच्या मजल्याला कुलूप आहे. कुंपणाबाहेरून जी घरे भरलेली दिसत होती, त्यांच्या आतला इतिहास अजून लिहायचा आहे. वाड्यापुरते ते काम एलकुंचवारांच्या नाट्यत्रयीने केले. कॉलनीला तिचा लेखक मिळायचा आहे.

२२/
शेवटी शीर्षकाकडे. बारोमास म्हणजे बारा महिने, वर्षभर. कास्तकाराचे कष्ट बारोमास, काळजी बारोमास; पैसा मात्र कापूस विकला की एकदाच, आणि तोही भाव लागला तर. पगार हे वऱ्हाडात आलेले पहिले असे पीक, जे खरोखर बारोमास येते. पावसाची वाट पाहत नाही आणि ग्रेडरपुढे रांग लावत नाही. म्हण का उलटली, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे. पुढच्या वेळी लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो?’ हा प्रश्न कानी पडला, तर खामगावच्या त्या तेरा किलोमीटर रुळांपासून शिक्षक कॉलनीच्या फाटकापर्यंतचा रस्ता आठवावा. तो प्रश्न त्याच रस्त्याने आलेला असतो.